वाळूच्या टेकड्यांमध्ये मारी सँडोझ

एल्सवर्थ मागे पडलं आणि मोबाईलची रेंज गेली. इथून 27 नंबरचा रस्ता उत्तरेला गॉर्डनपर्यंत जातो, साधारण शंभर किलोमीटर. लेकीने अलायन्सलाच टाकी भरून घेतली होती. डेन्व्हरहून आम्ही पहाटे निघालो होतो. वाटेत बराच वेळ कोळशाची मालगाडी सोबतीला होती. आता तीही नव्हती. दोन्ही बाजूंना फक्त गवताच्या टेकड्या, तारेचं कुंपण आणि मधूनच एखादी पवनचक्की.

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातला हा भाग म्हणजे सँडहिल्स, सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटरचा वाळूचा मुलूख. वरून हिरवागार दिसतो, पण एका ठिकाणी उतरून मी गवताच्या बुडाशी बोट खुपसलं तर दोन पेरांवर कोरडी, बारीक वाळू. गवताच्या मुळ्यांनी या टेकड्या धरून ठेवल्या आहेत, एवढाच आधार. जिथे गुरांच्या खुरांनी गवत उखडतं तिथे वारा वाळू उपसत नेतो आणि टेकडीला खड्डा पडतो. त्याला इथे ‘ब्लोआउट’ म्हणतात. नांगराला ही जमीन दाद देत नाही, म्हणून इथे रँच, म्हणून इथे गुरं.

मी आले होते इथल्याच लेखिका मारी सँडोझसाठी. माण तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत माझी नोकरी सुरू झाली आणि पुढची सगळी वर्षं त्याच माळावरच्या शाळांमध्ये गेली. त्यामुळे या बाईबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा जवळचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. जन्म 1896 चा. वडील ज्यूल्स स्वित्झर्लंडहून आलेले. या ओसाडीत माणसं वसवायची आणि फळबागा फुलवायच्या या ध्यासाने झपाटलेला माणूस, आणि घरात अतिशय तापट. मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत तिला इंग्रजी येत नव्हतं. घरची भाषा जर्मन. शाळेत गेली, अक्षरं हाती आली आणि ती लिहायला लागली. ओमाहाच्या एका दैनिकाच्या मुलांच्या पानावर तिची गोष्ट छापून आली, तर वडिलांनी मारलं आणि तळघरात कोंडलं. लेखक म्हणजे समाजाला लागलेली कीड, असं त्यांचं मत होतं.

चौदा वर्षांची असताना बर्फाच्या वादळात गुरं गाडली गेली. ती आणि तिचा धाकटा भाऊ दिवसभर त्यांना उकरून काढत राहिले. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाच्या तिरपीने तिच्या एका डोळ्याची नजर कायमची गेली. सतराव्या वर्षी वडिलांना न सांगता तिने ग्रामीण शिक्षकांची परीक्षा दिली आणि पास झाली. हायस्कूलची पायरीही न चढलेली ही मुलगी आसपासच्या एकखोली शाळांमध्ये शिकवू लागली. पुढे लग्न, घटस्फोट, मग लिंकन शहर. तिथल्या विद्यापीठाला हायस्कूलचा दाखला हवा होता. ती अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर रोज जाऊन बसायची, शेवटी त्यांनी घेतलं. अशी चिकाटी मी आमच्याकडच्या मुलींमध्ये पाहिली आहे. फॉर्म भरायची मुदत टळलेली असते, आणि ती मुलगी कार्यालयाच्या पायरीवरून उठत नाही.

1928 मध्ये वडील गेले. मरणाच्या दारात त्यांनी याच मुलीला सांगितलं की माझ्या आयुष्यावर लिही. मला या एका गोष्टीपाशी फार थांबावंसं वाटतं. ज्याने लिहिलं म्हणून कोंडलं, त्यालाच शेवटी कळलं की आपलं सगळं आयुष्य या पोरीच्या हातात राहणार आहे. तिने लिहिलं, आणि काही झाकलं नाही. त्यांचा मार लिहिला, आणि त्यांनी वाळूत वाढवलेली झाडंही लिहिली. प्रकाशकांनी हस्तलिखित पुन्हा पुन्हा परत पाठवलं. 1933 मध्ये आजारी आणि उपाशी अवस्थेत गावी परतण्याआधी तिने आपल्या सत्तरहून जास्त कथा जाळून टाकल्या. वडिलांचं पुस्तक मात्र ठेवलं. 1935 मध्ये त्याच पुस्तकाला, ‘ओल्ड ज्यूल्स’ला, ‘अटलांटिक’ प्रकाशनाचं पाच हजार डॉलरचं पारितोषिक मिळालं.

पुढे बरेच उन्हाळे ती मॅडिसनच्या विद्यापीठात लेखन शिकवायला जात असे. हे वाचल्यापासून माझ्या मनात एक वही आहे. ‘माझा आवडता सण’ या निबंधात चौथीतल्या एका मुलीने रात्री व्यायलेल्या शेळीबद्दल लिहिलं होतं. कंदील कुणी धरला, करडू कसं थरथरत होतं, सगळं. मी लाल पेनाने ‘विषय सोडून’ असं लिहिलं. तिने नंतर माझ्या वर्गात तसं काही लिहिलं नाही. त्याचं दुःख मला अजून आहे.

रस्त्याकडेच्या फलकापाशी लेकीने गाडी थांबवली. “आई, सावकाश गं, वाळू घसरते.” चढावर युक्काला पांढरी फुलं आली होती. मेडोलार्क पक्षी कुंपणाच्या खांबावरून सारखा ओरडत होता. टेकडीच्या कुशीत छोटं कुंपण, आत मारीची समाधी. ती 1966 मध्ये न्यूयॉर्कला वारली, पण पुरायचं इथेच, वडिलांच्या बागेकडे तोंड करून, हे तिने सांगून ठेवलं होतं. खाली ती बागेची जागा दिसते. त्या पलीकडे गुरं चरत होती.

मी दगडावर हात ठेवला. उन्हाने तापला होता. लेक जरा लांब जाऊन उभी राहिली, काही बोलली नाही. वारा गवतावरून एकसारखा वाहत होता, आणि खालच्या पवनचक्कीचं पातं दर फेऱ्याला एकदा करकरायचं.

“शेडरनला तिच्या नावाचं संग्रहालय आहे ना, उद्या सकाळी जाऊ,” ती म्हणाली.

“जाऊ. पण आधी मला एक फोन करायचाय. ती पोरगी आता फलटणला असते म्हणे.”

“इथे रेंज नाही गं.”

“मग गॉर्डनला पोचल्यावर.”

खाली उतरलो. फाटक ओढून घेतलं, साखळी अडकवली, आणि गुरं बाहेर येणार नाहीत ना म्हणून पुन्हा एकदा हलवून पाहिली.