लाल गोल, काळी पट्टी आणि आजीच्या गोळ्या

मंगळवार, रात्री दीड

तीन आठवडे केलेलं पोस्टर आत्ता डिलीट केलं. खरंतर डिलीट नाही केलं, एवढी हिंमत नाही माझ्यात, 'जुनं' नावाच्या फोल्डरमधे ढकललं, पण मनातून उतरलं ते उतरलंच. आणि सबमिशन गुरुवारी रात्री बाराला बंद होतंय.

झालं असं की दादा पाणी प्यायला उठला होता, माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाला, "हे फर्निचरवाल्यांचं कॅलेंडर आहे का?" मी म्हटलं अरे स्पर्धेचं आहे, मॉडर्निझम थीम आहे. तर म्हणतो, "बरं, पण हे आहे कशाचं?" आणि गेला झोपायला. मी तशीच बसून राहिले कारण मलाही सांगता येईना. लाल गोल, त्याला छेदून तिरकी काळी पट्टी, एका कोपऱ्यात पिवळा त्रिकोण, अक्षरं उभी. दिसायला भारी. कशाचं आहे, तर मॉडर्निझमसारखं दिसण्याचं आहे, बस.

स्पर्धा बाउहाउस या जुन्या जर्मन डिझाइन शाळेच्या नावाने आहे, तिशीच्या आतल्यांसाठी, आणि थीम मॉडर्निझम, म्हणजे नटवेपणा नको, वस्तूचं काम आधी. रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, ती नव्याने डिझाइन करायची, त्याच वस्तूवर तीन फोटोंची मालिका द्यायची आणि सोबत १५० शब्दांचं निवेदन. माझी वस्तू पहिल्या दिवसापासून ठरलेली होती, गोळ्यांची स्ट्रिप. आजी बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने कापते, डबीत बसावी म्हणून, आणि मग औषधाचं नाव आणि एक्सपायरी असलेली कडच कचऱ्यात जाते, उरलेल्या तुकड्यावर काहीतरी अर्धवट 'एम' आणि एक रेघ. म्हणून मी प्रत्येक घराच्या (म्हणजे एकेका गोळीच्या कप्प्याच्या) मागे नाव आणि एक्सपायरी छापायची असं ठरवलं (अशा स्ट्रिपा असतात, मी काही शोध लावला नाहीये) आणि दर दोन घरांनंतर रुंदीत आडवी टोचरेघ, म्हणजे कात्री न लागता तुकडा निघेल. एवढं साधं काम होतं. पण ते चार दिवसांत झालं आणि फारच साधं वाटायला लागलं, म्हणून मग पोस्टर, म्हणून मग लाल गोल.

बाउहाउसबद्दल इतकं वाचलंय मी या महिन्यात की स्वप्नातही नळीच्या खुर्च्या येतात. १९१९ मधे जर्मनीत वायमारला वॉल्टर ग्रोपिअस या आर्किटेक्टने सुरू केलेली शाळा, १९२५ मधे डेसाऊला गेली, १९३२ मधे बर्लिनला, आणि १९३३ मधे नाझींच्या दबावाखाली बंद. जेमतेम चौदा वर्षं. आणि तिथेच शिकलेल्या मार्सेल ब्रॉयरने ती वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची केली १९२५ मधे, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. मी पण तेवीस. यावर आज जास्त विचार करायचा नाही. पण त्याला ती नळी सुचली सायकलच्या हँडलवरून. म्हणजे तो सायकलीकडे बघत होता, आणि मी? मी बघत होते त्याच्या खुर्चीचे फोटो.

सगळ्यात जास्त झोंबला तो आल्बर्सचा किस्सा. योझेफ आल्बर्स तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचा, एकदा वर्गात वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला यातून काहीतरी करा, पण कागद वाया घालवू नका, कागदाला जे जमतं तेच करा. मुलांनी किल्ले केले, जहाजं केली, विमानं केली. त्याला आवडला तो एकाने नुसता उभा दुमडलेला कागद, कारण दुमडला की कागद स्वतःच्या कडेवर उभा राहतो, आणि किल्ला काय पत्र्याचाही झाला असता. मी तीन आठवडे किल्ला करत होते. तोही दुसऱ्याचा बघून.

झोपते आता.

बुधवार, संध्याकाळ

आज फोटो झाले. पहिला, कापलेले तुकडे पांढऱ्या कागदावर, बरोब्बर वरून. दुसरा, गोळी बाहेर दाबणारा आजीचा अंगठा, इतक्या जवळून की नखावरच्या उभ्या रेघा मोजाव्यात. तिसरा कॅमेऱ्याशिवाय.

लाझ्लो मोहोली-नॉज (हा पुढे बाउहाउसमधे शिकवायला आला) आणि फोटोग्राफर ल्युसिया मोहोली या नवराबायकोने १९२२ च्या सुमारास फोटोग्रॅम करायला घेतले होते. कॅमेरा नाही, लेन्स नाही, वस्तू सरळ फोटोच्या कागदावर ठेवायची आणि उजेड पाडायचा, जिथे वस्तू आडवी आली तिथे कागद पांढरा. माझ्याकडे डार्करूम नाही, पण मागच्या वर्कशॉपमधले सायनोटाइपचे तीन कागद काळ्या पिशवीत शिल्लक होते. सायनोटाइप त्याहून कितीतरी जुनं, जॉन हर्शेलने १८४२ मधे काढलेलं, लोखंडाच्या क्षारांचं द्रावण कागदाला फासायचं, अंधारात वाळवायचं, उन्हात ठेवायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, सावली होती तिथे पांढरं. इमारतींचे नकाशे कित्येक दशकं याच पद्धतीने कॉपी व्हायचे, ब्लूप्रिंट हा शब्द तिथूनच आलाय.

तर आजीची चालू स्ट्रिप उचलली. ही एवढीच न कापलेली होती कारण मी मागच्याच आठवड्यात तिला बजावून ठेवलं होतं की ही कापू नकोस, मला फोटोला हवीये. सात-सात घरांच्या दोन रांगा. फॉइलची बाजू खाली करून कागदावर ठेवली आणि गच्चीवर उन्हात बसले राखण करत. पहिला कागद वाया गेला, वाऱ्याने स्ट्रिप सरकली आणि सगळं दोन-दोन दिसायला लागलं. दुसऱ्याला चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली, वीस मिनिटं ठेवला आणि बादलीत धुतला.

आणि काय आलंय म्हणून सांगू! पांढरीशुभ्र स्ट्रिप आणि तिच्यात निळी भोकं. फॉइलमधून ऊन जात नाही, पण जिथली गोळी घेतलीये तिथे फॉइल फाटलेलं, त्यातून वरच्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून ऊन खाली उतरलं आणि त्या जागा निळ्या झाल्या. प्रत्येक भोकाची कड वेगळी, कुठे फॉइलची जीभ लोंबतीये, कुठे नुसता तारा फुटल्यासारखं. एकही कड मी काढलेली नाही, सगळ्या आजीच्या अंगठ्याने काढल्यात. वरच्या रांगेत मधोमध एक घर पांढरंच राहिलंय, तिथे गोळी आहे अजून. मला तर ते फारच आवडलं, सात जणांच्या ओळीत एकाने मान वळवल्यासारखं. लाल गोल गेला खड्ड्यात.

बाकी डिझाइनची शीट साधीच ठेवतीये. बाउहाउसमधे १९२५ नंतर तिथे टायपोग्राफी शिकवणाऱ्या हर्बर्ट बायरच्या नादाने सगळं लहान लिपीतच (कॅपिटल अक्षरं नाहीतच) लिहायला लागले होते, लेटरहेडवर खाली कारणही छापायचे की याने वेळ वाचतो. दोन-दोन लिपी कशाला, बोलताना कुठे मोठं अक्षर ऐकू येतं, असा एकूण सूर. मला हे वाचून हसूच आलं, कारण देवनागरीत ही भानगड मुळातच नाही, ते ज्यासाठी भांडले ते आपण रोज फुकटात वापरतो. आपली भानगड वेगळी, घराच्या मागे एवढ्याशा जागेत वेलांट्या आणि उकार बसवायचे म्हणजे शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा सोडावी लागते आणि अक्षर बारीक होतं. त्यात तीन तास गेले.

गुरुवार, रात्री सव्वाबारा

झालं एकदाचं सबमिट. ११:५२ ला. पण आज जे झालं ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळी आधी नियमावली वाचली, जी लोक वाचत नाहीत ती. त्यात फोटो आयोजकांना प्रसिद्धीसाठी वापरता येतील असं होतं, ते ठीक, पण छायाचित्रकाराचं नाव 'शक्य तिथे' देऊ. 'शक्य तिथे' वर माझा राग आहे आणि त्याला कारण ल्युसिया मोहोली. डेसाऊच्या त्या काचेच्या इमारतीचे, खुर्च्यांचे, किटल्यांचे जे फोटो बघून सगळं जग बाउहाउस ओळखतं त्यातले कितीतरी तिचे. १९३३ मधे तिला बर्लिनमधून घाईघाईने पळावं लागलं, काचेच्या जवळजवळ ५६० निगेटिव्ह मागे राहिल्या. त्या पोचल्या ग्रोपिअसकडे, त्याच्याबरोबर अमेरिकेत गेल्या आणि तिथे प्रदर्शनांत, पुस्तकांत तिचं नाव न देता वापरल्या गेल्या, ती बिचारी निगेटिव्ह नष्ट झाल्या असंच समजत होती. कळल्यावर पत्रं, वकील, सगळं करून १९५७ मधे २३० परत मिळाल्या. उरलेल्यांचं काय? अशा शाळेच्या नावाने स्पर्धा घ्यायची आणि नाव 'शक्य तिथे'! मी मेल टाकलाय. उत्तर नाही आलेलं अजून.

तर दुपारी प्रिंट वाळली, निळा रंग अजून गडद झाला होता, म्हटलं आजीला दाखवू. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि बोट थेट त्या पांढऱ्या घरावर.

"हे का असं?"

"तिथली गोळी आहे ना अजून, म्हणून ऊन नाही गेलं. छान दिसतंय ना?"

तिने उत्तर दिलं नाही. बोटाने मोजायला लागली, सोमवार, मंगळवार, बुधवार... "अगं म्हणजे गेल्या गुरुवारची राहिली की माझी!"

मी म्हटलं तुला कसं कळलं गुरुवारची? तर माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच खुळी. वरची रांग एक आठवडा, खालची दुसरा. पहिलं घर सोमवारचं. विसरली तर दुसऱ्या दिवशी ते राहिलेलं घर फोडायचं नाही, ज्या वारचं घर त्याच वारी. आणि वरची रांग रविवारी संपली की ती लांबीत उभी कापून फेकायची म्हणजे गोंधळ नको, आणि फेकताना एखादी राहिलेली असली की दिसतेच. डबीबिबीचा काही संबंधच नाही! ती डबी मीच तिला आणून दिली होती, आणि ती त्यात सुया ठेवते.

म्हणजे एरवी तिला रविवारीच कळलं असतं. या वेळी मी कापू दिली नाही.

आणि माझ्या टोचरेघा आडव्या, दर दोन घरांनंतर. तिच्या आठवड्याचे साडेतीन तुकडे केले असते मी. एक महिना त्या वस्तूवर काम केलं, नखावरच्या रेघा मोजल्या, आणि आजी तू ही का कापतेस हा एक प्रश्न विचारला नाही, ती शेजारच्या खोलीत बसलेली असताना.

"आता घेऊ का गुरुवारची?" 

"नको आजी, नको!"

मग बसले परत. आडव्या रेघा काढून लांबीत एकच उभी रेघ, दोन रांगांच्या मधून. नाव, एक्सपायरी आधीसारखीच प्रत्येक घरामागे, त्यामुळे रांग फेकली तरी उरलेल्या रांगेवर सगळं राहतं. वार नाही छापले, कारण पाकीट कुठल्याही वारी सुरू होईल, फक्त पहिल्या घराला एक छोटी रिकामी चौकट ठेवली, पेनाने वार लिहायला. शीट आधीपेक्षाही साधी दिसायला लागली, एक रेघ आणि चौदा घरं. दादाला दाखवली. "गोळ्यांचं पाकीट आहे," म्हणाला.

साडेअकराला फॉर्म भरायला घेतला. त्यात 'सहकारी' असा रकाना आहे, तिथे आजीचं नाव टाकलं. पुढे जन्मवर्ष निवडा. यादी उघडली तर ती तिशीच्या आतल्या वर्षांवरच थांबते, आजीच्या वर्षाला पोचतच नाही. रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकेना. दहा मिनिटं झटापट केली, शेवटी रकान्यातून तिला काढावं लागलं, म्हणून मग निवेदनात घालायला गेले तर तिथे १४९ शब्द भरलेले. ग्रोपिअसबद्दलचं एक अख्खं वाक्य उडवलं, बारा शब्द मोकळे झाले, त्यात आजी बसली.