बुधवार सोडायचा नाही

परवा रात्री साडेदहाला आपल्या नाशिकच्या देवळाली कॅम्पातून एका मुलीचा फोन आला. ओळख नाही पाळख नाही, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवला होता तिने. तिचा भाऊ डेटा एंट्रीची नोकरी म्हणून थायलंडला गेला, आणि तिथून गाडीत घालून त्याला सीमेपलीकडे नेलं, म्यानमारमध्ये, म्यावाडीकडे. पासपोर्ट काढून घेतलाय, लोकांना ऑनलाइन गंडवायचं काम जबरदस्तीने करून घेतायत आणि सोडायचे पैसे मागतायत. तिने इन्स्टावर व्हिडिओ टाकला तर तीन दिवसांत लाखभर व्ह्यूज, आणि आता महिन्याने तिसऱ्या व्हिडिओला ऐंशी. रडत म्हणाली, "ताई, लोक विसरले हो. माझं काय चुकलं?"

काही चुकलं नाही गं तुझं. आम्ही यातून गेलोय म्हणून सांगते.

माझा मावसभाऊ मर्चंट नेव्हीत होता. २०११ साली सोमाली चाच्यांनी त्याचं जहाज पकडलं आणि आठ महिने सोडलं नाही. कंपनीचा माणूस पहिल्याच दिवशी मावशीला म्हणाला, मीडियाकडे जाऊ नका, गाजावाजा झाला की ते भाव वाढवतात. हे अगदी खोटं नाही बरं का, बातमीवर त्यांचं लक्ष असतंच. मावशी दोन महिने तोंड शिवून बसली, शेजारच्यांनासुद्धा सांगितलं नाही. मग कंपनी फोनच उचलेना. आणि त्याच सुमाराला ॲस्फाल्ट व्हेंचर जहाजाची बातमी आली, एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचूनसुद्धा चाच्यांनी सात भारतीयांना ठेवून घेतलं, कारण भारताने पकडलेले त्यांचे साथीदार त्यांना परत हवे होते. (ते सात जण शेवटी ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. साडेतीन वर्षं!) ती बातमी वाचून मावशी म्हणाली, आता गप्प बसून कोणाचं भलं होणारे?

म्हणून मी फेसबुकवर पेज काढलं. पहिल्या आठवड्यात नऊशे शेअर. सहाव्या आठवड्यात अकरा लाइक, त्यातले चार घरचेच. मला लोकांचा इतका राग यायचा तेव्हा. पण रात्री बसून माझ्याच पोस्ट परत वाचल्या तर दिसलं की प्रत्येकीत एकच वाक्य आहे, प्लीज शेअर करा, प्लीज शेअर करा. माणूस एकदा शेअर करतो आणि त्याला वाटतं आपलं काम झालं, आणि खरंच झालेलं असतं, कारण आपण दुसरं काही मागितलेलंच नसतं.

मग आम्ही मागायला लागलो. जीपीओतून पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणली, मुंबईला नौवहन महासंचालनालयाचा (जहाजांचं सरकारी खातं) पत्ता लिहून ठेवायचा आणि भेटेल त्याला फक्त दोन ओळी आणि सही मागायची. सिडकोतल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी एका रविवारी तीनशे कार्डं भरून आणली. कार्ड लिहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात स्वतःहून विचारतो, काही उत्तर आलं का? पोस्ट शेअर केलेला नाही विचारत.

आणि दुसरं, वार ठरवला. मावशी तशीही दर बुधवारी गोदाघाटावर बाजाराला जायची, तर तिने भाजीची पिशवी आणि त्याचा लॅमिनेट केलेला फोटो घेऊन पाच ते सात तिथेच बसायचं ठरवलं. घोषणा नाही, माईक नाही. फोटोखाली कागदावर त्याला पकडून किती दिवस झाले तो आकडा, तो दर बुधवारी बदलायचा. पहिले दोन बुधवार लोक नुसते बघून पुढे गेले. पाचव्या बुधवारी मेथीवाल्या आजींनी तिला बसायला पोतं दिलं आणि म्हणाल्या, पोराचं काय कळलं का गं? त्यानंतर त्या बाजारातल्या बायकांनी तो विषय सोडलाच नाही. रात्री आठला तोच फोटो पेजवर जायचा. मग एका गोल आकड्याच्या दिवशी पेपरवाले आले, कारण त्यांना बातमीला काहीतरी निमित्त लागतं आणि ते आकड्याने दिलं.

नंतर चिबोकचं वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. नायजेरियातल्या चिबोकच्या शाळेतून १४ एप्रिल २०१४ च्या रात्री बोको हराम या दहशतवादी संघटनेने २७६ मुली पळवल्या. ब्रिंग बॅक अवर गर्ल्स हा हॅशटॅग जगभर फिरला, मिशेल ओबामांनी हातात कागद धरून फोटो टाकला, आणि मग जगाला दुसरे विषय मिळाले. पण राजधानी अबुजात युनिटी फाउंटनपाशी थोडी माणसं रोज जमत राहिली. ५७ मुली सुरुवातीलाच निसटल्या होत्या, पण ऑक्टोबर २०१६ मध्ये २१ सुटल्या आणि मे २०१७ मध्ये ८२, तोवर हॅशटॅगवाली गर्दी कधीच पांगली होती. कितीतरी मुली तर अजून आलेल्या नाहीत. त्या सुटका वाटाघाटीतून झाल्या, हॅशटॅगने कोणी सुटत नाही हे मलाही कळतं, पण वाटाघाटी करणाऱ्याच्या दारात रोज कोणीतरी उभं असणं वेगळं.

आणि आतल्या माणसाचंही बघा ना. कोलंबियात गनिमी बंडखोरांनी वर्षानुवर्षं जंगलात डांबलेल्या लोकांसाठी १९९४ पासून रेडिओवर एक कार्यक्रम चालायचा, घरचे पहाटे माईकवर येऊन बोलायचे आणि ती माणसं जंगलात ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायची. आमच्याकडे रेडिओ नव्हता. चाच्यांनी पैशाचा दबाव टाकायला दोनदा घरी फोन लावून दिला, त्यात मावशी रडली नाही, एवढंच म्हणाली, "मी दर बुधवारी घाटावर असते." भाऊ परत आल्यावर म्हणाला, मी तिथे तारखा विसरलो होतो पण बुधवार मोजत होतो.

एक गोष्ट मात्र कळवळून सांगते. प्रत्येक पोस्टवर तारीख टाका, आणि माणूस घरी आला की तसं लिहा आणि जुन्या पोस्ट काढा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते ते. त्याच रात्री आपल्या मालेगावात एका कुटुंबाला जमावाने घेरलं, पोलिसांनी कसंबसं वाचवलं. व्हॉट्सॲपवर बिनतारखेचे, बिनगावाचे मेसेज फिरत होते. त्यानंतरच व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा घातली. हरवलेल्या पोराची जुनी पोस्ट चार वर्षांनी फिरते तेव्हा तीही तशीच असते, खरी असली तरी.

तर त्या मुलीला मी काल घरी बोलावलं. आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरची तक्रार बघितली, ती केलेली आहे. मग दूतावासाला विचारायला सांगितलं की भावाचा चेहरा दाखवलेला चालेल का, कारण तिथले लोक पोरांचे फोन तपासतात आणि मार त्याला बसेल. उत्तर येईपर्यंत फोटो नाही, जुने व्हिडिओही बंद केले. त्याऐवजी तो कसा आहे ते लिहायचं, मिसळीत रस्सा तीनदा मागणारा, बहिणीला स्कूटी शिकवणारा. आणि शेवटी प्रत्येक वेळी एकच काम मागायचं, या आठवड्यात आपल्या खासदाराला पत्र.

रोज तिनेच लिहिलं तर ती महिन्याभरात कोसळेल, मावशी कोसळली होती. म्हणून वहीत सात वार लिहिले आणि प्रत्येक वारापुढे एकाचं नाव. सोमवार ती, मंगळवार तिची मामी, बुधवार मी मागून घेतला. शुक्रवार ते रविवार तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी. गुरुवार अजून रिकामा आहे. नाशिकमधलं कोणी घेणार असेल तर मला मेसेज करा, रात्री आठला पोस्ट टाकायची आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं, एवढंच काम आहे, पण तो घरी येईपर्यंत.