शिष्यवृत्तीच्या आधाराने पूर्ण झालेली अभियांत्रिकीची चार वर्षे

२०२१ साली मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाले आणि २०२५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. या चार वर्षांत घरच्यांना जमीन गहाण टाकावी लागली नाही, शैक्षणिक कर्जही काढावे लागले नाही. हे कसे साधले, असे गावातील बारावीच्या मुली आणि त्यांचे पालक मला वारंवार विचारतात. शिष्यवृत्ती गुणांवर मिळते, असा त्यांचा समज असतो. माझा अनुभव असा आहे की गुणांमुळे प्रवेश मिळतो, शिष्यवृत्ती मात्र कागदपत्रांच्या तयारीवर मिळते; आणि ती बहुधा उशिरा येत असल्यामुळे खर्चाची आखणी ती हाती येणारच नाही असे धरून करावी लागते.

सर्वांत मोठा निर्णय शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, प्रवेशफेरीतच घ्यावा लागतो. आमच्या वर्षी कोरोनामुळे बारावीची लेखी परीक्षा झाली नव्हती, सीईटी लांबली होती आणि प्रवेश हिवाळ्यापर्यंत चालले. त्या अनिश्चिततेत अधिक नावाजलेल्या एका महाविद्यालयात संस्थास्तरावरील, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते अशी जागा मिळत असल्याचे एका परिचितांनी सुचवले होते. परंतु राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना, जिला सगळे अजूनही ईबीसीच म्हणतात, ती केवळ केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच लागू होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याचे व्यावसायिक अभ्यासक्रमासाठीचे निम्मे शिक्षण शुल्क आणि निम्मे परीक्षा शुल्क त्या योजनेतून शासन भरत होते. संस्थास्तरावरील जागा घेतली असती तर हे सारे पहिल्याच दिवशी गमावले असते, आणि तेही चारही वर्षांसाठी. म्हणून मी कॅपमधून मिळालेली जागा घेतली. आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

त्यानंतर कोणत्या योजनेसाठी अर्ज करायचा, हा प्रश्न होता. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती प्रतिष्ठेची मानली जाते; पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी तिची रक्कम आता वर्षाला १२,००० रुपये आहे. मात्र ती घेणाऱ्याला राज्याची शुल्कसवलत घेता येत नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, पण तिच्या जागा मर्यादित असून निवड गुणवत्ता यादीनुसार होते. याउलट ईबीसीच्या जोडीला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा लाभ घेता येतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी तेव्हा वर्षाला ३०,००० रुपये मिळत. पुढे या रकमेत वाढ झाली. आमच्या महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क लाखाच्या आसपास होते, त्यामुळे निम्मे शुल्क आणि हा भत्ता मिळून होणारा आधार इतर कोणत्याही योजनेपेक्षा मोठा ठरत होता. शिष्यवृत्तीचे नाव किती मोठे आहे यापेक्षा ती घेतल्याने कोणती दुसरी सवलत हातची जाते, हे आधी पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

कागदपत्रांची तयारी मी निकालाची वाट न पाहता सुरू केली होती. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचे जागावाटप पत्र आणि कुटुंबातील दोनच अपत्यांना या योजनेचा लाभ मिळत असल्याचे हमीपत्र हा ईबीसीचा मुख्य संच. निर्वाह भत्त्यासाठी त्यात अल्पभूधारक असल्याचा दाखला आणि वसतिगृहात राहत असल्याचे प्रमाणपत्र यांची भर पडते. अल्पभूधारक दाखल्यासाठी सातबाऱ्याबरोबर आठ-अचा उताराही लागतो, कारण एकूण धारण क्षेत्र त्यावरूनच कळते. जमीन आजोबांच्या नावावर असेल आणि वारसनोंद झालेली नसेल, तर हा दाखला अडतो. आमच्या शेजारच्या एका मुलीचे संपूर्ण वर्ष याच कारणाने भत्त्याविना गेले. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे कोणत्या वर्षाचा दाखला मागितला आहे हे नीट वाचूनच सेतू केंद्रात जावे. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि बँकेचे खाते या तिन्हींवर नाव तंतोतंत सारखे असणे आणि आधारला स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक जोडलेला असणे या दोन गोष्टी क्षुल्लक दिसतात, परंतु बहुतेकांचे अर्ज तेथेच रखडलेले मी पाहिले आहेत.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्ज स्वतः भरणे अवघड नाही. पैसे घेऊन अर्ज भरून देणारी दुकाने महाविद्यालयांच्या आसपास असतात, पण तेथे अनेकदा दुकानदाराचाच मोबाइल क्रमांक नोंदवला जातो आणि पुढच्या वर्षी पासवर्डसाठी त्याच्याकडे खेटे घालावे लागतात. अर्ज सादर झाल्यावर तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला आणि तेथून विभागाकडे जातो. त्रुटी आढळल्यास तो परत पाठवला जातो, मात्र त्याचा संदेश मोबाइलवर येईलच याची खात्री नसते. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून अर्जाची स्थिती पाहण्याची सवय मी लावून घेतली होती. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागातील लिपिकाशी आदराने आणि नियमितपणे बोलत राहण्याचाही मोठा उपयोग झाला. शेकडो अर्ज एकाच माणसाच्या टेबलावर असतात, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पैसे थेट लाभ हस्तांतरणाने येतात, म्हणजे अर्जात कोणता खाते क्रमांक लिहिला आहे यापेक्षा आधारशी शेवटी कोणते खाते संलग्न झाले आहे, यावर ते कोठे जमा होतील हे ठरते. वसतिगृहातील एका मैत्रिणीने मध्येच दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि तिची रक्कम त्या खात्यात जाऊन पडली. पैसे अजून आलेलेच नाहीत असे समजून ती कितीतरी दिवस चिंतेत होती. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक संलग्न आहे ते तपासता येते, ते दरवर्षी अर्जापूर्वी पाहावे.

शिष्यवृत्तीची रक्कम वगळून उरलेलेच शुल्क प्रवेशावेळी घ्यावे, असे शासनाचे निर्देश आहेत. त्यांची प्रत मी जवळ ठेवली होती आणि तिच्या आधारे विनंती केल्यावर निम्मेच शुल्क भरून प्रवेश झाला. मात्र विकास शुल्क आणि वसतिगृहाचे डिपॉझिट ईबीसीत धरले जात नाही. पहिल्या वर्षी या रकमेसाठी वडिलांनी शेळ्या विकल्या. निर्वाह भत्ता तर ते शैक्षणिक वर्ष संपत आल्यावर हाती आला, म्हणून तो पुढच्या वर्षाच्या खर्चासाठी राखून ठेवायचा, असे आम्ही ठरवले आणि शेवटपर्यंत पाळले.

राहण्याचा खर्च कमी ठेवण्यात वसतिगृहाचा वाटा सर्वांत मोठा होता. पुण्यात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विश्वस्त संस्थांची वसतिगृहे आहेत. विद्यार्थी साहाय्यक समिती तर १९५५ पासून हे काम करीत आहे. मी अशाच एका छोट्या संस्थेत मुलाखत देऊन प्रवेश मिळवला. तेथे ठरावीक वेळेत परतावे लागे, स्वच्छतेची पाळी असे आणि बाहेर कॉट बेसिसवर राहणाऱ्या मैत्रिणींच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी पैसे लागत. मेस निवडताना मी महिन्याच्या दरापेक्षा खाड्यांचा नियम आधी विचारत असे. सलग काही दिवस गावी गेल्यास खाडे वजा होतात की नाही, यावर दिवाळीच्या आणि परीक्षेनंतरच्या सुट्टीतला बराच खर्च अवलंबून असतो. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागू झाले आणि गावी जाणे-येणे सुसह्य झाले. आई त्याच गाडीने बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कडधान्ये पाठवू लागली.

पुस्तकांवर फार खर्च झाला नाही. ग्रंथालयाच्या बुक बँकेतून सत्रभरासाठी संच मिळे, उरलेली अप्पा बळवंत चौकातून जुनी घेता येत आणि ड्राफ्टर व एप्रन वरच्या वर्गातील ताईंकडून मिळाले. अवघड विषयांसाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या संकेतस्थळावरील मोफत व्याख्याने मला महागड्या शिकवणीपेक्षा सरस वाटली.

दुसऱ्या वर्षापासून मी कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात काम केले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ही योजना कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाने चालते. मी रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेली असल्याने ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द लहानपणापासून डोळ्यांसमोर होते, त्यामुळे पुस्तकांची नोंद आणि मांडणी करताना मला कधी संकोच वाटला नाही. मानधन फार नव्हते, पण मेसचा बराचसा भार त्यातून हलका होत असे, आणि हातात स्वतःचे पैसे असल्याने घरी मागण्याची वेळ क्वचितच आली.

शेवटच्या वर्षी मोठा दिलासा मिळाला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्म्याऐवजी पूर्ण सवलत लागू झाली. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही ती मिळत असल्यामुळे मी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरला. आता प्रवेश घेणाऱ्या मुलींना हा लाभ पहिल्या वर्षापासून घेता येतो. अंतिम वर्षाचे हप्ते पदवी हाती आल्यानंतरही जमा होऊ शकतात, म्हणून आधारशी जोडलेले खाते आणि मोबाइल क्रमांक महाविद्यालय सोडल्यावरही चालू ठेवावेत, आणि रक्कम जमा होईपर्यंत अर्जाची स्थिती पाहत राहावी.