दड्डीकडची मरळ: गळ, गाळ आणि साडेचार हजारांचा रॉड

हिडकल जलाशयाच्या फुगवट्यात, दड्डीच्या बाजूला, मरळ 'टाकला गळ की लागते' असे मला ज्यांनी सांगितले, त्यांनी खोटे काहीच सांगितले नाही. मे महिन्यात तिथले पाणी काठापासून किती दूर गेलेले असते आणि मधली जमीन ही जमीन नसते, एवढेच सांगायचे त्यांनी टाळले.

हिडकलच्या या धरणाची, म्हणजे राजा लखमगौडा धरणाची, पूर्ण पातळी 2175 फूट आणि साठवण क्षमता 51 टीएमसी आहे. घटप्रभेचे हे एवढे पाणी उन्हाळ्याअखेर ओसरते तेव्हा वरच्या अंगाचा उथळ फुगवटा सर्वांत आधी उघडा पडतो. बेळगावहून कोल्हापूरच्या दिशेने महामार्ग धरून पुढे पश्चिमेला दड्डीकडे वळल्यावर, नकाशात निळा दिसणारा भाग प्रत्यक्षात तडे गेलेला राखाडी पट्टा होता आणि पाण्याची रेघ त्याच्या पलीकडे चमकत होती. काठावर म्हशी चारणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांना मी वाट विचारली. त्यांनी हात वर करून सांगितले, "म्होरं गाळ हाय री." आता कन्नडमध्ये गळाला गाळ म्हणतात. त्यांचा 'री' ऐकून माझे कान आपोआप कन्नडकडे वळले आणि पुढे गळ टाकणारे लोक बसले आहेत, म्हणजे जागा उत्तम असणार, असा अर्थ लावून मी आनंदाने चालू लागलो. त्यांनी तो शब्द मराठीतून वापरला होता, हे मला पंचवीस पावलांवर कळले.

त्या गाळाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या सहलीतली खरी जोखीम तीच आहे. वरची चार बोटे पापडी उन्हाने वाळून कडक झालेली असते, तिच्यावर गुरांचे खूरही उमटलेले दिसतात, त्यामुळे पाय टाकताना शंका येत नाही. पण पाण्याच्या जवळ जावे तसा खालचा थर लोण्यासारखा मऊ होत जातो आणि पापडी फुटली की पाय गुडघ्यापर्यंत, पुढे मांडीपर्यंत जातो. पाय उपसताना चप्पल आत राहते. माझी डावी चप्पल अजून तिथेच आहे. अशा वेळी दोन्ही पायांनी धडपड करू नये; मागे रेलून, वजन पसरून, एकेक पाय हळूहळू हलवत सोडवावा. छातीएवढी काठी हाती असल्याशिवाय या पट्ट्यात उतरू नये आणि एकट्याने तर मुळीच उतरू नये. माझा स्पष्ट निर्णय असा की एप्रिल-मेमध्ये या जागेचा नाद सोडावा. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाणी गवताळ काठाला टेकलेले असते, तेव्हा जावे.

दुसरी फसवणूक साहित्याची. शहरातल्या एका दुकानात मी 'मरळीसाठी' म्हणून रॉड मागितला आणि दुकानदाराने बारा फुटी रॉड, नारळाएवढे रीळ आणि जाड तंगूस असा संच साडेचार हजारांना गळ्यात घातला. हा रॉड समुद्राच्या पुळणीवर उभे राहून लाटांपलीकडे शिसे फेकण्यासाठी असतो. झुडपांत उभे राहून वीस हातांवरच्या पाणवनस्पतीच्या भोकात नेमके आमिष टाकायला तो निरुपयोगी आहे. घरी त्याला झेला बांधून आंबे उतरवून पाहिले, तिथेही तो वाकतो. मरळीसाठी सात फुटांच्या आसपासचा, टोकाला जरा ताठ असा रॉड, मध्यम रीळ आणि विणलेला (ब्रेडेड) मजबूत दोरा पुरेसा आहे. विणलेला दोरा ताणला जात नाही, त्यामुळे मासा वनस्पतीत शिरण्याआधीच त्याला ओढता येते. आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक घ्यावा. त्याचे गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात आणि शेवाळात अडकत नाहीत. गांडूळ लावू नये. चिलापी मासळी ते कुरतडून संपवते आणि दिवसभर आपण केवळ गळ धुत बसतो.

मरळ शोधायला उपकरण लागत नाही, कारण ती स्वतःच पत्ता देते. कल्ल्यांबरोबर तिला हवेतूनही श्वास घ्यावा लागतो, म्हणून ती ठराविक वेळाने वर येऊन पाण्याला तोंड लावते. तेव्हा हलकासा 'चुळुक' आवाज होतो आणि एक वर्तुळ उठते. एका जागी वीस मिनिटे गप्प बसून अशी वर्तुळे मोजावीत आणि मगच पहिला बेडूक टाकावा. झडप बसताच हिसका देण्याची घाई करू नये. मनात तीन आकडे मोजून मग ओढावे. पहाटे पहिल्या तासात मी हे विसरलो आणि दोन मासे गमावले, तिसरी मरळ मात्र दीड किलोच्या पुढची होती आणि तिच्यापुढे चप्पल, रॉड, सगळे क्षणभर विसरलो. पावसाच्या सुरुवातीला लालसर पिलांचा पुंजका पृष्ठभागावर दिसला, तर खाली आईबाप राखण करीत असतात. तिथे गळ टाकू नये. ते रागाने लगेच झडप घालतात आणि ते गेले की इतर मासे पिले फस्त करतात.

दुसरा दिवस नदीकाठी सावलीत सुखाचा गेला; त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

पैशांबाबत मात्र सावध राहावे. जलाशयांची आणि तलावांची मासेमारी ठेक्याने किंवा परवान्याने चालते, त्यामुळे परवानगी विचारणे योग्यच आहे. राकसकोप तर बेळगावचे पिण्याचे पाणी आहे, तिकडे गळ घेऊन फिरकूही नये. परंतु सकाळी सात वाजता दुचाकीवरून आलेल्या एका गृहस्थाने ठेकेदाराचा माणूस असल्याचे सांगून रॉडमागे तीनशे रुपये मागितले. माझ्याकडे दोन रॉड होते. मी पावती मागितल्यावर सहाशेचे दोनशे झाले, ठेकेदाराचे नाव विचारल्यावर शंभर झाले आणि मी वही काढून गाडीचा क्रमांक लिहू लागलो तेव्हा, मरळ विकत हवी आहे का, असे विचारून तो निघून गेला.