कोरिंथ: जिथं दोन रेल्वे लाईनी एकमेकींना कापतात

मिसिसिपी राज्याच्या पार ईशान्येच्या कोपऱ्यात, टेनेसीच्या हद्दीला लागून, कोरिंथ नावाचं छोटंसं शहर आहे. अमेरिकन यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरीवरून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तरेचं युनियन यांच्या लढाईत, रस असलेली मंडळी शायलोची रणभूमी बघायला येतात आणि वेळ उरलाच तर इथं तासभर डोकावतात. माझं म्हणणं उलट आहे, आधी कोरिंथ बघा आणि मग शायलोला जा, कारण तिथं जे घडलं ते कोरिंथच्या रुळांपायी घडलं.

गावात शिरलात की सगळ्यात आधी जुन्या डेपोपाशी, म्हणजे रेल्वे स्टेशनपाशी जा. त्याच्या शेजारीच दोन लाईनी एकमेकींना जवळजवळ काटकोनात कापतात, एक पूर्व-पश्चिम आणि एक उत्तर-दक्षिण. मालगाडी आली की क्रॉसिंगवर रुळांत ठेवलेल्या फटींवरून प्रत्येक चाक आदळत जातं, तो खडखडाट बराच वेळ चालतो, आणि मग कळतं की हे अख्खं गाव त्या एवढ्याशा जागेमुळे वसलंय. १८५० च्या दशकात मेम्फिस अँड चार्ल्सटन आणि मोबाईल अँड ओहायो या दोन कंपन्यांच्या लाईनी इथं भेटणार हे ठरलं तेव्हा गाव उभं राहायला लागलं, पहिलं नाव क्रॉस सिटी, कोरिंथ हे नाव नंतरचं. मेम्फिस अँड चार्ल्सटन १८५७ ला पूर्ण झाली आणि मोबाईल अँड ओहायो एप्रिल १८६१ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात युद्धाला तोंड फुटलं त्याच महिन्यात. दक्षिणेच्या हातात पूर्व-पश्चिम जाणाऱ्या सलग लाईनी मुळातच कमी, त्यात ही सगळ्यात महत्त्वाची, त्यामुळे दोन्ही बाजूंचा डोळा इथंच.

६ आणि ७ एप्रिल १८६२ ला शायलोची लढाई झाली, कोरिंथपासून साधारण २२ मैलांवर. दोन दिवसांत दोन्हीकडचे मिळून तेवीस हजारांहून जास्त लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. दक्षिणेचं सैन्य हरून परत कोरिंथला आलं, घराघरात जखमी, त्यात प्यायला धड पाणी नाही, टायफॉईड आणि हगवणीने माणसं पटापट जायला लागली. मागून युनियनचा सेनापती हॅलेक लाखाच्या वर फौज घेऊन निघाला, पण तो इतका जपून, रोज खंदक खणत खणत पुढे सरकला की तेवढं अंतर कापायला त्याला महिना लागला.

आणि इथं पुन्हा रेल्वेच कामी आली. दक्षिणेचा सेनापती ब्युरेगार्ड याने गाव सोडायचं ठरवलं पण शत्रूला सुगावा लागू द्यायचा नव्हता, म्हणून रिकामी गाडी आली की सैनिकांनी जोरात जल्लोष करायचा, जणू नवी कुमक उतरतेय, आणि त्याच गाड्यांतून आजारी माणसं आणि सामान बाहेर काढायचं! २९ मेच्या रात्री उरलेलं सैन्यही निघालं आणि सकाळी हॅलेकच्या हातात रिकामं गाव. मला मात्र यातला दुसरा किस्सा जास्त आवडतो. युनियन सैन्यात काही जण आधी रेल्वेत नोकरी केलेले होते, ते रुळाला कान लावून सांगत होते की भरलेल्या गाड्या बाहेर चालल्यात आणि आत येतायत त्या रिकाम्या. युनियनचा सेनापती ग्रँट याने स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. पण त्यांचं ऐकून कुणी काही हालचाल केली नाही.

ऑक्टोबरमध्ये दक्षिणेचा सेनापती व्हॅन डॉर्न याने गाव परत घ्यायचा प्रयत्न केला, ३ आणि ४ तारखेला तुंबळ लढाई झाली, बॅटरी रॉबिनेट या तोफांच्या ठाण्यावर टेक्सासचा कर्नल रॉजर्स पडला, आणि गाव युनियनकडेच राहिलं. आज तिथं नॅशनल पार्कचं माहिती केंद्र आहे, ते खरंच उत्तम केलंय. दाराकडे जाणाऱ्या वाटेवर जमिनीतच ब्राँझच्या वस्तू बसवल्यात, सैनिकांनी टाकून दिल्यासारख्या, नीट खाली बघत चाला नाहीतर निसटतात.

पण बहुतेक लोक इथूनच परत फिरतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण गावातली सगळ्यात महत्त्वाची जागा थोडी बाजूला आहे. कोरिंथ युनियनच्या ताब्यात आहे म्हटल्यावर आजूबाजूच्या मळ्यांतून गुलाम माणसं, बायापोरांसकट, पळून इथं यायला लागली आणि त्यांची वस्ती उभी राहिली, तोच कॉन्ट्रॅबँड कॅम्प (कॉन्ट्रॅबँड म्हणजे युद्धात जप्त केलेला शत्रूचा माल, पळून आलेल्या गुलामांना युनियन सैन्य हेच म्हणायचं). तिथं सहा हजारांपर्यंत माणसं होती. त्यांनी स्वतःची घरं बांधली, चर्च, शाळा, हॉस्पिटल उभं केलं, कापूस आणि भाजीपाला पिकवला, १८६३ च्या मेमध्ये तर महिन्याला चार-पाच हजार डॉलर नफा होत होता. हजाराहून जास्त मुलं आणि मोठी माणसं तिथं वाचायला शिकली, जिथं कालपर्यंत गुलामाला अक्षर शिकवणं हाच गुन्हा होता! इथल्याच पुरुषांतून अलाबामाची कृष्णवर्णीय पलटण उभी राहिली. डिसेंबर १८६३ मध्ये सैन्याने सगळ्यांना मेम्फिसला हलवलं, एवढ्या मेहनतीने उभं केलेलं मागे टाकून पुन्हा नव्याने सुरुवात.

त्या वस्तीचं आज फारसं काही उरलेलं नाही, पायवाट आहे आणि तिच्या कडेने त्या माणसांचे पूर्ण उंचीचे ब्राँझचे पुतळे. घोड्यावर बसलेला सेनापती तुम्हाला दक्षिणेत गावोगावी बघायला मिळेल, पण स्वतःच्या पायांनी चालत येऊन स्वतंत्र झालेल्या साध्या माणसांचा असा मान मी तरी फार थोड्या ठिकाणी बघितलाय.

बाकी वेळ असेल तर १८५७ चं कर्ली हाऊस बघा, वेगवेगळ्या वेळी दोन्ही बाजूंच्या सेनापतींनी तिथं मुक्काम टाकला होता. बोरम्स ड्रग स्टोअर १८६५ पासून चालू आहे, तिथं स्लगबर्गर मिळतो, गाईच्या किंवा डुकराच्या मांसाच्या खिम्यात पीठ मिसळून तळलेला, गरिबीच्या दिवसांतला प्रकार, गरम असताना खा. डेपोतल्या क्रॉसरोड्स म्युझियमला सकाळीच जा आणि माहिती केंद्रासाठी दोन तास ठेवा. कॅम्पला मात्र गाडीतून उतरून चालत फिरा, नुसतं बाहेरून बघून निघू नका.