पहाटेची बॅच आणि कोकणातला गारठा

डिसेंबर लागला की पोहण्याची पहाटेची बॅच रोडावते. सप्टेंबरपासून नेमाने येणारी मुलंसुद्धा एक दिवसाआड दिसू लागतात आणि घरचे लोक आळसाला बोल लावतात. माझ्या मते तिथेच चुकतं. अंथरुणातून पाण्यापर्यंतचा एक टप्पा आणि पाण्यातून कोरड्या कपड्यांपर्यंतचा दुसरा, खरी थंडी वाजते ती या दोन टप्प्यांत. ते लांबले तर कितीही निश्चय केलेला असो, आठवड्याभरात पांघरूण जिंकतं. ते आखूड केले तर जिद्द पोहण्यासाठी शिल्लक राहते.

आधी पाण्याचा अंदाज घ्या. किनाऱ्यालगत अलिबाग, रत्नागिरी, मालवणकडे जानेवारीतली पहाट साधारण १६ ते २० अंशांची असते. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात पारा आणखी बराच खाली जातो. त्याच वेळी समुद्राचं पाणी मात्र २५ ते २७ अंशांच्या आसपास असतं आणि खोल विहिरीचंही जवळपास तेवढंच. म्हणून तिथे उतरताना ऊब लागते. उघड्या तलावाचं तसं नाही. रात्रभर बाष्पीभवन चालू असतं, वरून मतलईचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, कोरडा वारा फिरतो, आणि सकाळी सहाला पाणी चोवीस तासांतलं सर्वांत गार असतं. बिनहीटरच्या तलावात ते २०-२३ अंशांपर्यंत उतरू शकतं. स्पर्धेच्या तलावासाठी नियम २५ ते २८ अंशांचा आहे, त्यावरून फरक कळेल. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने खेचतं. त्यामुळे २२ अंशांची हवा सुखाची वाटते, पण २२ अंशांच्या पाण्यात अर्ध्या तासात लहान मुलांचे ओठ निळे पडू लागतात.

तेव्हा दोरीला बांधलेला एक साधा थर्मामीटर हातभर खोल दोन मिनिटं सोडा आणि आकडा फळ्यावर लिहा. माझा हिशोब असा: २६ किंवा वर असेल तर नेहमीचा सराव. २३ ते २५ असेल तर सराव तेवढाच, पण मधली विश्रांती कमी. २० ते २२ असेल तर मोठ्यांना ४० मिनिटं आणि दहा वर्षांखालच्यांना २० मिनिटांच्या वर नको. २० च्या खाली मुलांना पाण्यात उतरवूच नये, काठावरचा व्यायाम घ्यावा. तलाव सांभाळणाऱ्यांनी रात्री पाण्यावर आच्छादन पसरलं तर बाष्पीभवन थांबतं आणि त्याचा फरक सकाळी हाताला लागतो. याचा पाठपुरावा पालकांनी करावा, कारण इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा याचा उपयोग जास्त.

आता पहिला टप्पा. कॉस्च्युम घरीच घालून वर सैल ट्रॅकपँट आणि स्वेटर चढवा. अशा वेळी परतीचे आतले कपडे हमखास घरी राहतात, म्हणून ते रात्रीच बॅगेत टाका. बॅग उलट्या क्रमाने भरा: शेवटी लागणारी वस्तू तळाशी, बाहेर येताक्षणी लागणारा पंचा आणि कानटोपी सगळ्यात वर. टॉवेल दोन हवेत. सुती पंचा पाणी पटकन टिपतो, जाड टॉवेल नंतर अंगाभोवती राहतो. स्वेटर पुढून चेनचा किंवा बटणांचा असावा. ओल्या, आखडलेल्या हातांनी डोक्यावरून बंद गळ्याचा स्वेटर ओढणं किती जिकिरीचं असतं ते करून पाहिलेल्याला माहीत आहे. दुचाकीवर येणाऱ्यांनी स्वेटरवर विंडचीटर घालावाच, कारण नुसत्या लोकरीतून वारा आरपार जातो आणि माणूस पोहण्याआधीच काकडतो.

झोपेचं गणित चुकलं तर यातलं काहीच उपयोगी पडत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढच्या किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. सव्वापाचला उठायचं तर नववीतल्या मुलाला सव्वानऊपर्यंत झोप लागलेली हवी, म्हणजे जेवण आठच्या आत. हे घर म्हणून ठरवावं लागतं. एकट्या मुलाकडून ते होत नाही. उठवताना आधी दिवा लावा, मग हाक मारा. पोटात काहीतरी हवं: कोमट पाणी, अर्धं केळं किंवा दोन खजूर, पाण्यात उतरण्याआधी वीसेक मिनिटं. रिकाम्या पोटी गारठा जास्त बोचतो.

काठावर आल्यावर लगेच कपडे काढून रांगेत उभं राहायची जी पद्धत अनेक ठिकाणी आहे, ती बंद व्हायला हवी. आठ-दहा मिनिटं स्वेटर आणि चपला घालूनच हालचाल करा: तीन मिनिटं दोरीवरच्या उड्या, हात पुढून वीस आणि मागून वीस वेळा फिरवणं, वीस बैठका, खांदे सैल करणं. अंग गरम व्हावं, पण घाम येऊ नये, कारण घामावर वारा लागला की कमावलेली ऊब गेली. गार स्नायू ताणून धरणं या वेळी टाळा, ते सराव संपल्यावर. कोचनी आजचा सेट, म्हणजे सरावाचा क्रम, फळ्यावर लिहून इथेच समजावून सांगावा. मुलांना गळ्यापर्यंत पाण्यात उभं करून पाच मिनिटं सूचना देणं हे हिवाळ्यात मुलं गळण्याचं मोठं कारण आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

पाण्यात सूर मारून उतरू नका. अचानक गार पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर ठसका ठरलेला. शिडीने उतरा, तोंडावर आणि मानेवर पाणी घ्या, मग पाच-सहा बुड्या मारून प्रत्येक वेळी पाण्याखाली लांब श्वास सोडा. हा धक्का एक-दोन मिनिटांत ओसरतो. सलग काही दिवस येत राहिलं की तो मुळातच कमी होतो, शरीर सरावतं. म्हणूनच पहाटेची बॅच डिसेंबरात सुरू करण्यापेक्षा ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू करावी. पाणी रोज थोडं थोडं गार होत जातं आणि अंगाला ते जाणवत नाही.

उतरल्यावर न थांबता पोहा. गारठा भिंतीपाशी उभं राहिल्यावर चढतो. ४५ मिनिटांत बसणारा, सराव असलेल्या मुलांसाठीचा १५०० मीटरचा एक सेट देतो: आधी ३०० मीटर सावकाश, त्यात २०० फ्रीस्टाइल आणि १०० बॅकस्ट्रोक. मग ५० मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी वेग वाढवत, मध्ये दहा सेकंद. मग १०० मीटर सहा वेळा, मध्ये पंधरा सेकंद. नंतर फिन्स (पायात घालायचे पंख) घालून ५० मीटर किक, म्हणजे नुसते पाय मारणं, चार वेळा, आणि शेवटी १०० मीटर सैल. किकबोर्ड धरून लांब किक मारणं जानेवारीत नकोच, कारण डोकं आणि खांदे वाऱ्यात उघडे राहतात. तीच किक पाठीवर, हात डोक्यामागे लांब करून घ्या. स्ट्रोकची दुरुस्ती सेटच्या मध्यावर ठेवा, अंग तापलेलं असताना.

पायात गोळा येणं या दिवसांत वाढतं. गार पोटरीने भिंतीला जोरात रेटा दिला आणि पंजा ताणून किक मारली की हे होतं. पहिले २०० मीटर भिंतीचा रेटा हलका ठेवा. गोळा आलाच तर पाठीवर तरंगत पायाची बोटं गुडघ्याकडे ओढा. डोक्याला सिलिकॉनची कॅप लावा, लॅटेक्सपेक्षा ती जाड असते. फार गार असेल तर दोन कॅप चढवता येतात. खोबरेल तेल चोळून थंडी वाजत नाही हा समज चुकीचा आहे. तेलाचा किंवा व्हॅसलिनचा उपयोग काखेत आणि मानेशी कातडी घासू नये एवढाच. आणि गार पाण्यामुळे सर्दी होत नाही, ती विषाणूंमुळे होते. मात्र ताप, कानदुखी, छातीत घरघर असेल तर त्या दिवशी घरीच राहा. दम्याच्या मुलांनी आणि हृदयविकार असलेल्या मोठ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हिवाळ्याची बॅच धरावी.

समुद्रात सराव करणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर, कारण मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात होणाऱ्या सागरी स्पर्धेमुळे बरेच जण याच काळात किनाऱ्यावर उतरतात. पहाटे वारा मतलई असतो. त्यामुळे काठाजवळचं पाणी अगदी शांत दिसतं आणि तोच वारा तुम्हाला नकळत बाहेर नेतो. किनाऱ्याला समांतर पोहा, छातीएवढ्या पाण्याच्या फार पलीकडे नको. भरतीची वेळ कोळी बांधव तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला भरती पहाटे तीनला, म्हणून साडेसहाला ओहोटी ऐन जोरात असते आणि मतलईही तिच्याच दिशेने ओढते. तृतीया ते पंचमी या तिथींना खाडीच्या मुखाजवळ सकाळी उतरूच नये. एकादशी-द्वादशीला त्याच वेळी पाणी चढत असतं, ते दिवस बरे. बंदरागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून भरती-ओहोटीचं छापील कोष्टकही जवळ ठेवा. अंधारात उतरू नका, भडक रंगाची कॅप आणि कमरेला बांधायचा फ्लोट वापरा, एकट्याने जाऊ नका, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर तिच्या दोरांपासून लांब राहा.

आपले किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत आणि मागे डोंगर आणि माड. सूर्य सातनंतर उगवला तरी वाळूवर ऊन पडायला आणखी बराच वेळ लागतो. म्हणजे बाहेर आल्यावर उन्हात अंग शेकू हा भरवसा चालत नाही. दुसरा टप्पा पाच मिनिटांत उरकायचा: कॅप काढून डोकं कोरडं, लगेच कानटोपी, मग वरचं अंग पुसून बनियन आणि स्वेटर, आणि त्यानंतर खालचे कपडे. पायाखाली चपला हव्यात, गार फरशीवर अनवाणी नको. बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं, म्हणून हुडहुडी बहुतेकदा कपडे घालताना भरते. त्यात घाबरण्यासारखं नाही. अंगठा करंगळीला टेकवता येत नसेल, तर मात्र आधीच पाण्याबाहेर यायला हवं होतं असं समजा. बोलणं अडखळत असेल किंवा मूल गप्प गप्प झालं असेल तर ब्लँकेट, आडोसा आणि डॉक्टर. एकदम कढत पाण्याची आंघोळ नको, रक्तवाहिन्या झटकन रुंदावून चक्कर येते. थर्मासमध्ये उकड्या तांदळाची पेज, वर थोडं मीठ आणि लोणचं. हिच्यापेक्षा चांगलं काही मला ठाऊक नाही. चहाही चालेल, पण पेजेने पोटही भरतं.

एवढं करूनही सोमवारी जड जातं, कारण रविवारची सुट्टी झालेली असते. त्यावर जोडीदार हाच इलाज. दोघांनी एकाच गाडीवर यायचं ठरवलं की एकाच्या आळसाचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो आणि ते सहसा कुणाला नको असतं. सहा दिवसांची हौस धरून दोन दिवस येण्यापेक्षा सोमवार, बुधवार, शुक्रवार पक्के करा. आणि मुलाला एवढंच सांगा: उतर, दहा मिनिटं पोह, नंतरही नकोसं वाटलं तर बाहेर ये. ही सूट खरी असू द्या. एखाद दिवशी मूल खरंच दहा मिनिटांनी बाहेर आलं तर त्याला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते अंथरुणातूनच उठणार नाही.

घरी पोचल्यावर कॉस्च्युम, कॅप आणि गॉगल गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळत घाला. गॉगलच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, तिथला धुकं न धरणारा थर निघून जातो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत सगळं दुपारपर्यंत सुकतं, तेव्हा बॅग शाळेतून आल्याआल्याच भरा. दिवेलागणीनंतर अभ्यास, जेवण यांत ती राहून जाते, आणि पहाटे ओलसर कॉस्च्युम अंगाला लागला की भलं जिद्दीचं मूलही परत पांघरुणात शिरतं.