एकराचे गुंठे ४०च: आमची वाटचाल

वेबसाइटवर 'आमची वाटचाल' म्हणून चार ओळी द्या, असं ऑफिसातली पोरं वर्षभर मागं लागली होती. चार ओळींत ते बसत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी सरळ दरपत्रकावर जावं.

२०१० साली सांगलीत, विश्रामबागच्या एका गाळ्यात आम्ही जमीन मोजून वेब नकाशे करून द्यायच्या धंद्याची पाटी लावली. आम्ही म्हणजे मी आणि काका. काका नात्यातले नव्हेत. भूमी अभिलेखमधून भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, म्हणून निवृत्त झालेले, आणि धंद्यात माझे निम्मे भागीदार. माझ्याकडे एक संगणक, त्यावर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर, आणि गार्मिनचं पिवळं ईट्रेक्स, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र. काकांकडे ३३ फुटी शंकू साखळी, काटकोन साधायचा क्रॉस स्टाफ आणि निम्म्या जिल्ह्याच्या हद्दीच्या खुणा, त्याही तोंडपाठ. रोज सकाळी ते ईट्रेक्स घेऊन दारातल्या विजेच्या खांबाला टेकून उभे राहायचे आणि अक्षांश-रेखांशाचे आकडे कालच्या आकड्यांशी ताडून बघायचे. पाचवा दशांश हलला की काही न बोलता माझ्याकडे बघायचे. पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर, आणि हातातलं यंत्र तीन ते पाच मीटर इकडेतिकडे सांगणारच, हे त्यांना पटायला बरेच दिवस गेले. पटल्यावर मात्र उलट झालं. कुणी आठ दशांशांचे अक्षांश-रेखांश आणून दिले, की काका विचारायचे, "मिलिमीटरनं मोजलंय काय हे, मोबाइलवर?"

त्या ईट्रेक्सबद्दल एक सांगतो. त्याच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी असतात, कोणत्या पद्धतीनं आकडे दाखवायचे आणि कोणता डेटम, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं कोणतं गृहीतक, धरायचा. लोक या दोन्हींना हात लावत नाहीत, नाहीतर लावून विसरतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे छापील नकाशे, एव्हरेस्टनं १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या लंबगोलावर बेतलेल्या आहेत. आपली शीट ४७ एल/९. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या डेटमवर. जुन्या शीटवरून उचललेला बिंदू तसाच वेब नकाशावर टाकला, की तो शंभर मीटरच्या वर सरकतो. आपल्याकडं शंभर मीटरमध्ये तीन भावांची शेतं मावतात.

गिऱ्हाईक काय आणून देईल याचा नेम नसतो. सांगली १६ अंश ५१ मिनिटं उत्तर, ७४ अंश ३४ मिनिटं पूर्व. दशांशात ते १६.८५ आणि ७४.५७ होतं. पण लोक सरळ १६.५१, ७४.३४ असं टायपतात आणि सांगलीचं गोडाऊन कागल-निपाणीच्या मध्ये जाऊन पडतं. दुसरी तऱ्हा अदलाबदलीची. वेबवर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. जिओजेसन या नकाशाच्या फाइलीत आधी रेखांश, मग अक्षांश, आणि २०१६ च्या आरएफसी ७९४६ या मानकानंतर तर त्यात शंकेला जागाच नाही. केएमएल ही गुगल अर्थची फाइलही रेखांश आधी घेते. गुगल मॅप्सवरून कॉपी केलं की अक्षांश आधी येतो. महाराष्ट्राचं दुर्दैव असं, की आपले रेखांश ७२ ते ८१ मधले, म्हणजे ९० च्या आत. त्यामुळे उलटे घातले तरी संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे सांगलीला आर्क्टिकमध्ये, नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर बेटाच्या पश्चिमेला नेऊन ठेवतो. स्क्रीनवर नकाशा कोरा दिसतो आणि फोन आम्हाला येतो, "साइट बंद आहे."

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे तासगावचे ठिबकवाले आण्णा. द्राक्षबागांना ठिबक बसवायचे आणि जमिनीत गाडलेले व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी सापडायचे नाहीत. गडी अर्धा दिवस खोदत बसायचे. आम्ही त्यांचा प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक फिल्टर नकाशावर टिपका म्हणून टाकला. टिपक्यावर बोट ठेवलं की शेतकऱ्याचं नाव, पाइपाची साइज, बसवल्याची तारीख. आण्णांनी आजपर्यंत तो नकाशा स्वतः उघडलेला नाही. ते फोन करतात, "माझा टिपका हाय का जाग्यावर?" आम्ही म्हणतो आहे. मग ते गड्याला सांगतात खोद. दोन-तीन मीटर इकडेतिकडे झालं तर चालतं, कारण चर कुठून गेलाय ते गड्याला ठाऊक असतं. पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न मागता. एवढ्या वर्षांत चुकले नाहीत.

आता कारखान्याचं.

एका सहकारी साखर कारखान्याचं ऊस नोंदीचं काम आमच्याकडं होतं. चिटबॉय, म्हणजे उसाची नोंद घेणारा कारखान्याचा माणूस, जीपीएस घेऊन उसाच्या कडेकडेनं चालत फेरी मारायचा, त्या फेरीची आकृती आमच्या वेब नकाशावर यायची, आणि कारखान्याच्या गट ऑफिसात बसलेल्या माणसाला गाव, उसाची जात, लागणीची तारीख आणि क्षेत्र समोर दिसायचं. को ८६०३२ या जातीचा आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला, कुठं, खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला, कुठं, यावर तोडणीचा कार्यक्रम लागायचा. क्षेत्र आम्ही यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात काढत होतो. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत. सांगली त्या पट्ट्याच्या मध्यरेखेजवळ येते. त्यामुळे एकरात जो फरक पडतो तो अर्ध्या आण्याचा, १६ आण्यांचा एक गुंठा या हिशोबानं. काकांनी हे साखळीनं पडताळून पाहिल्याशिवाय मला सही करू दिली नव्हती.

२०१५ च्या हंगामाआधी पुण्याहून एक कंपनी आली. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, लाइनीतल्या माणसाला कळेल. त्यांचा नकाशा बघायला देखणा. मागं उपग्रहाचं चित्र, वर रंगीत आकृत्या, मोबाइलवर भराभर सरकणारा. दर आमच्या निम्मा. संचालक मंडळासमोर त्यांनी तो पडद्यावर लावला आणि बड्या मंडळींना म्हणाले, साहेब, तुमच्याच जमिनीचा गट उघडा. उघडला. सात-बाराला एक एकर. त्यांच्या नकाशावर ऊस साडे३९ गुंठे, आमच्या नकाशावर ३६.

झालं. "यांनी आमचे चार गुंठे खाल्ले," असं त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि तिथून पुढं दोन वर्षं आमचं नाव 'चार गुंठेवाले'.

त्या गटात विहीर आहे, गोठा आहे, एका बाजूनं पाणंद गेलीय आणि बांध चांगला रुंद आहे. ऊस उभा होता तो ३६ गुंठ्यांवरच. मग त्यांचे साडे३९ आले कुठून? वेब नकाशा ज्या चौकोनी तुकड्यांचा बनतो त्या टाइल, गुगलच्या असोत की ओपनस्ट्रीटमॅपच्या, वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायच्या पद्धतीत, असतात. त्याचा नंबर ईपीएसजी ३८५७. आकार सरळ दिसतात, चौकोन चौकोनच राहतो, म्हणून बघायला हे उत्तम. पण विषुववृत्तापासून जेवढं वर जाल तेवढं सगळं फुगत जातं. सांगलीच्या अक्षांशावर लांबी पाच टक्क्यांच्या आसपास फुगते आणि क्षेत्र नऊ-दहा टक्क्यांनी. त्यांनी आकृती ज्या प्रक्षेपात काढली त्याच प्रक्षेपात क्षेत्रफळ काढलं होतं. त्यांनी वापरलेल्या ओपनलेयर्स या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधं क्षेत्रफळाचं फंक्शन तेवढंच करतं. पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब हवा असेल तर वेगळं मागावं लागतं. ब्राउझरमध्ये चालणारा कोड कुणालाही उघडून बघता येतो, आम्ही बघितला. ३६ ला सुमारे दहा टक्के लावा, साडे३९ येतात. आणि दैवयोग असा, की बांध, विहीर, पोटखराबा (पिकाखाली न येणारी जमीन) धरून सात-बारालाही तेवढंच क्षेत्र लागतं. चुकीचा आकडा कागदाशी जुळला आणि बरोबर आकडा खोटा ठरला. याचा मला आजही राग येतो.

काका साखळी घेऊन त्या शेतात गेले. मे महिना, उसाला पाचट, आणि सत्तरीच्या जवळ आलेला माणूस. ३६ गुंठे भरले. कारखान्याचे शेतकी अधिकारी म्हणाले, जुनी साखळी आहे, ताणली असेल. ताणलेल्या साखळीनं माप कमी येतं, हे त्यांना माहीत होतं, माणूस हुशार. काकांनी पोलादी टेप काढून तिथंच साखळी मोजून दाखवली, बरोबर ३३ फूट. तर साहेब म्हणाले, "काका, तुमचं बरोबर असेल, पण सात-बारा काय खोटा आहे?" मी गणित मांडून पत्र दिलं. गावातल्या मैदानावरची १०० मीटरची धावपट्टी त्यांच्या नकाशावर मोजा, १०५ च्या आसपास येते की नाही बघा, असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. काम गेलं.

शेतकऱ्यांना तरी काय वाईट होतं? क्षेत्र जास्त लागलं म्हणून कुणी तक्रार करत नाही. एकरी उताऱ्याचा अंदाज त्या फुगलेल्या क्षेत्रावर बांधला गेला आणि हंगामात टन कमी पडले. त्या वर्षी पावसानंही ओढ दिली होती, तेव्हा सगळं बिल पावसाच्या नावावर फाडलं गेलं. इकडं आम्ही मोठे नकाशे छापायचा प्लॉटर विकला. दोन पोरं पुण्याला गेली, ती चांगली होती. गाळ्याचं भाडं थकलं. आण्णांना कुठून तरी कळलं, ते आले, खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत, वर्षभराच्या कामाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "टिपकं हलवू नका म्हंजे झालं."

पुढं त्या कंपनीनं सॉफ्टवेअरची 'सुधारित आवृत्ती' आणली. सगळी क्षेत्रं एका रात्रीत आठ-नऊ टक्क्यांनी कमी झाली आणि परिपत्रक निघालं की अचूकता वाढवण्यात आली आहे. त्याच मोजणीचा त्याच गटाचा आकडा ३६. आम्हाला कुणी फोन केला नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, पाणीपुरवठा संस्था, द्राक्ष बागायतदार, दोन नगरपालिका, त्यात सांगण्यासारखं काही नाही. जुलै २०१८ मध्ये गुगलनं वेबसाइटवर त्यांचा नकाशा लावण्यासाठी 'की' (परवान्याचा कोड) आणि बिलिंग खातं सक्तीचं केलं, तेव्हा अनेकांचे नकाशे राखाडी पडले. आमचे लीफलेट आणि ओपनस्ट्रीटमॅपवर होते, ते चालू राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे परवान्यांचे नियम सैल केले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवायची सोय, आली. तेव्हापासून बांधावरचा शेतकरीसुद्धा अक्षांश-रेखांश म्हणतो. आधी आम्हाला पाऊण तास समजावून सांगायला लागायचं.

नवीन पोरं या धंद्यात येतात म्हणून सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी. तक्त्यात एक्स आणि वाय अशी नावं देऊ नका, अक्षांश आणि रेखांश असंच लिहा. माहिती आत घेताना चौकट लावा. अक्षांश १५ ते २३ आणि रेखांश ७२ ते ८१ च्या बाहेर गेला की लाल करा, बेअर बेटाची सहल वाचेल. शून्य-शून्य आलं तर ते गिनीच्या आखातात आहे, शेतकरी तिथं राहत नाही. देवनागरी अंकात टाइप केलेला अक्षांश जावास्क्रिप्टला आकडा वाटत नाही, तो आधी बदलून घ्या. साठवताना ईपीएसजी ४३२६, म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, दाखवताना ३८५७, मोजताना यूटीएम किंवा गोलाईचा हिशोब. आणि नागपूरकडचं काम घेतलंत तर पट्टा ४४, ७८ रेखांशापलीकडं ४३ लावत बसू नका. सहा दशांश पुरे. आणि वसुलीचा कागद पहिल्या दिवशी करा.

हे शेवटचं का, तर त्या कारखान्याकडं आमचं एक बिल अडकलं आहे, मोजणी पूर्ण झालेल्या गटांचं. तीन शेतकी अधिकारी बदलले. दर दिवाळीआधी मी पत्र टाकतो. काका आता साखळी उचलत नाहीत, पण मसुदा तेच वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुका काढतात. यंदाच्या पत्राला आम्ही ३६ गुंठ्यांच्या आमच्या नोंदीची प्रत आणि कंपनीच्या सुधारित आवृत्तीची प्रत शेजारी शेजारी लावली आहे.